मगर

नाव जयूनं ठेवलं. जयेंद्र फणसे, दांडिया बाजार,
पिठाच्या गिरणीवरची खोली, सत्त्याण्णव साल.
विश्वामित्रीत असते ती मगर, असं मी समजलो.
ड्रमवाला केयूर पंड्या म्हणाला, नाही रे, हिंदीतलं,
सगळं ठीक आहे, मगर…
जयू म्हणाला, दोन्ही.
आणि अँप्लिफायरवरचं पीठ फुंकलं.

मी बास वाजवायचो. म्हणजे चार तारा
आणि जयू कुठे निसटणार याचा अंदाज.
तिसऱ्या कडव्यानंतर शब्द संपले की
एक किंकाळी यायची, दर वेळी वेगळ्या जागी.
खाली मोहनकाका गिरणीचा पट्टा थांबवून विचारायचे:
कोई पडी गयुं के?

गाणी मराठी. समोर हॉस्टेलची पोरं,
गुजराती, मल्याळी, एक टांझानियाचा.
कुणाला एक अक्षर कळायचं नाही,
सगळे उड्या मारायचे.
पुण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना सगळं कळलं.
एकही उडी नाही.

परीक्षक म्हणाले, आवाज आहे हो,
पण पतंग 'चगवत' नाहीत. उडवतात.
सभागृह हसलं. प्रेमानंच हसलं,
ते जास्त लागलं.
परतीच्या गाडीत जयू सुरतेपर्यंत गप्प.
मग म्हणाला, मी जन्मभर चगवलाय.
उडवून बघितला नाही कधी.

कॅसेटी पाचशे काढल्या.
तीनशे बारा माझ्या पलंगाखाली आहेत,
बायकोनं मोजल्यात.

मग मुंबईहून एकजण आला, चष्मा दोरीनं गळ्यात.
त्याला आवाज हवा होता.
भाषा नको, केयूर नको, मी तर नकोच.
स्टेशनवर आम्हीच सोडलं जयूला,
स्टीलच्या डब्यात किलोभर लीलो चेवडो देऊन.
चार महिन्यांनी तो डबा परत आला, घासलेला.
त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

बडोद्यात गळा असेल तर
नवरात्र पत्ता विचारत येतेच.
नऊ रात्रींत वर्षाचं घरभाडं,
मुलीची फी, आईचा मोतीबिंदू.
पांढरा झब्बा, कपाळाला टिळा, जयुभाई.
मी तोवर बँकेत. केयूरचं टाइल्सचं दुकान.

दोन हजार अकरात स्वरतंतूवर गाठ निघाली.
सहा आठवडे मौन.
मुलीच्या पाटीवर लिहायचा: मीठ कमी. दूध आलं.
एकदा माझ्यापुढे पाटी धरली:
किंकाळी कशी लिहायची?
मी हसलो.
तो खरंच विचारत होता.

गेल्या वर्षी, आठवी रात्र, साडेअकरा.
मी स्कूटरवर बसून भाचीची वाट बघत होतो.
टाळ्या, टिपऱ्या, माणसांची मोठमोठी वर्तुळं,
आणि अचानक, देवीच्या नावामागून,
ती.
फाटकी, अर्ध्या सुरानं खाली उतरलेली, पण तीच.
मैदानभर पावलं अर्धी मात्रा अडखळली.
मग सावरली. फिरत राहिली.
माझी बोटं हँडलवर चौथी तार शोधत होती.

खजिनदारानं पाचशे कापले.
म्हणाला, जयुभाई, माताजीनो चोक छे.

यंदा ऑगस्टात नदी चढली.
एका औषधाच्या दुकानाच्या शटरपाशी
सात फुटांची मगर, जबडा उघडा.
वनखात्याची पोरं दोरी घेऊन लांब उभी,
गर्दी मोबाइल उंचावून आणखी लांब.
आम्ही दोघे गुडघाभर पाण्यात.
चिडली नाहीये ती, जयू म्हणाला,
अंग थंड करते. तोंड उघडं ठेवून.
तुला कोणी सांगितलं?
त्यानं खांदे उडवले. आवाज बसला होता त्याचा, पावसानं असेल.

रात्री केयूरचा फोन आला: कधी जमायचं?
कुठे, ते तिघांनाही माहीत नाही.
गिरणीच्या जागी आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात.
मी माळ्यावरून बास काढला.
तारा तीन.